आपल्या तालुक्यातले तज्ज्ञ डॉक्टर कसे मोजायचे

पंचायत समितीच्या आमसभेत कुणी उठून म्हणतं, "आमच्या तालुक्याला डॉक्टर नाहीत." उत्तर ठरलेलं असतं: मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, रिक्त एखादं. बोलणारा गप्प बसतो. आकडा खोटा नसतो. तरी त्याच रात्री त्याच तालुक्यातली बाळंतीण गाडीत घालून जिल्ह्याला न्यावी लागते.

मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी होतो. नोकरीची बहुतेक वर्षं औषधाच्या खिडकीमागे आणि स्टोअरमध्ये गेली. त्या जागेवरून डॉक्टर आहेत की नाहीत हे फार स्पष्ट दिसतं, कारण कोण काय लिहून देतं आणि कोणतं औषध महिनोन्‌महिने हलत नाही, हे आमच्याच वहीत असतं. निवृत्तीनंतर गावोगावची मुलं, बचत गटाच्या ताया, एखादा वार्ताहर येऊन विचारतात की हे मोजायचं कसं. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो आहे. त्यात मुद्दा एकच आहे. डॉक्टरांची डोकी मोजू नका. कोणत्या शाखेचा डॉक्टर आहे, आठवड्याला किती तास मिळतो आणि त्याचं काम चालायला जोडीला कोण लागतं, हे मोजा.

देशाचा आकडा बाजूला ठेवा

"हजार लोकांमागे एक डॉक्टर" हे माप सगळ्यांच्या तोंडी असतं. २०२२ च्या नोंदींवरून केंद्र सरकारने संसदेत सांगितलेलं प्रमाण होतं ८३४ लोकांमागे एक, म्हणजे आपण मापाच्याही पुढे. पण हे प्रमाण काढलं कसं ते बघा. जून २०२२ पर्यंत वैद्यकीय परिषदांकडे नोंदलेले अ‍ॅलोपॅथीचे १३,०८,००९ डॉक्टर, त्यातले ८० टक्के प्रत्यक्ष उपलब्ध आहेत असं धरलं आणि त्यात आयुषचे, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे, ५.६५ लाख मिळवले. यात पुण्यातला त्वचारोगतज्ज्ञ, दिल्लीतला हृदयशल्यविशारद आणि आपल्या बाजारपेठेतले बीएएमएस डॉक्टर एकाच रांगेत उभे आहेत. गर्भवती बाईला या रांगेचा उपयोग नाही. तिला त्या वेळी दोन-तीन ठरावीक शाखांचेच डॉक्टर लागतात.

दुसरा आकडा मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे. केंद्राच्याच ग्रामीण आरोग्य सांख्यिकी अहवालात, ३१ मार्च २०२२ ची स्थिती म्हणून, ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची ७९.५ टक्के कमतरता दाखवली आहे. शाखावार पाहिलं तर शल्यचिकित्सक ८३.२ टक्के, बालरोगतज्ज्ञ ८१.६, भिषक म्हणजे फिजिशियन ७९.१ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ७४.२ टक्के कमी. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. दर पाच खुर्च्यांमागे चार रिकाम्या, आणि हे सरकारचंच मोजमाप. हा अहवाल आता 'हेल्थ डायनॅमिक्स ऑफ इंडिया' या नावाने निघतो. त्यात राज्यवार तक्ते असतात. महाराष्ट्राची ओळ शोधा, पण तिथे थांबू नका. त्या ओळीतही तुमचा तालुका दिसणार नाही.

तालुक्याला लागतात किती

आधी गरज काढायची, मग माणसं. निकष असा: सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांना एक ग्रामीण रुग्णालय. आदिवासी व डोंगरी भागात हेच २० हजार आणि ८० हजार. ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. तिथे शस्त्रक्रिया, स्त्रीरोग, बालरोग आणि औषधवैद्यक या चार शाखा असाव्यात, आणि भूलतज्ज्ञ हवाच.

यापेक्षा मला बाळंतपणाचा हिशेब जास्त खरा वाटतो, कारण तो कागदावरच्या निकषावर नाही तर घरातल्या गरजेवर उभा आहे. दोन लाख वस्तीचा तालुका घ्या. नमुना नोंदणी या सरकारी जन्म-मृत्यू पाहणीच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ होता. म्हणजे वर्षाला साधारण तीन हजार बाळंतपणं. त्यातल्या शंभरात किमान दहांना सिझेरियनची खरी गरज पडते असं धरलं, तरी वर्षाला तीनशे. जवळजवळ रोज एक. आता प्रश्न विचारा: आपल्या तालुक्यात रोज एक सिझेरियन, रात्रीबेरात्रीसुद्धा, करता येईल अशी सरकारी जागा आहे का? नसेल तर ती तीनशे घरं कुठे जातात आणि किती खर्च करतात? आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर शोधताना सगळा तालुका उलगडतो.

सरकारी पदं: कुठे विचारायचं आणि काय विचारायचं

इथे पुष्कळ जण पहिल्याच पायरीला अडतात, कारण अर्ज चुकीच्या कार्यालयात जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. त्यांची माहिती तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही राज्याच्या आरोग्य विभागाची. तिथे वैद्यकीय अधीक्षक आणि वर जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे ज्यांना सगळे 'सीएस' म्हणतात ते. जिल्ह्याला वैद्यकीय महाविद्यालय झालं असेल तर तिथले डॉक्टर तिसऱ्याच खात्याचे, वैद्यकीय शिक्षण विभागाचे.

आधी साधेपणाने जाऊन विचारा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायची असते. ती बहुतेक ठिकाणी फायलीला लावलेली असते आणि मागितली की दाखवतात. नसेल तर अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, म्हणून पदांचा अर्ज वेगळा आणि कामाचा वेगळा करा. जोडपत्र 'अ' भरून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पदांच्या अर्जात मी हे शब्द घालायला सांगतो: "वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे, पदनाम व धारकाच्या शैक्षणिक अर्हतेसह, त्यांपैकी नियमित, कंत्राटी व बंधपत्रित किती, मूळ आस्थापना येथे असून प्रतिनियुक्तीने इतरत्र कार्यरत असलेल्यांची संख्या, ठिकाण व आदेशाची प्रत." यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे.

'अर्हता' यासाठी, की पुष्कळदा पदाचं नाव नुसतं 'वैद्यकीय अधिकारी' असतं. त्या खुर्चीवर स्त्रीरोगाची पदविका झालेला डॉक्टर बसला काय किंवा नुकताच एमबीबीएस झालेला बसला काय, पद 'भरलेलं'च दिसतं. 'बंधपत्रित' यासाठी, की सरकारी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्यांना एक वर्ष सेवा द्यावी लागते. न दिल्यास एमबीबीएसला दहा लाख, पदव्युत्तरला पन्नास लाख आणि अतिविशेषज्ञाला दोन कोटी रुपये भरायचे. ही मुलं येतात, मनापासून काम करतात आणि वर्ष संपलं की जातात. त्यांच्या भरवशावरचं पद एका वर्षाचं समजा. 'कंत्राटी' म्हणजे बहुधा राष्ट्रीय आरोग्य अभियानातले, त्यांच्या करारांची मुदत वेगळी. आणि 'प्रतिनियुक्ती' हा सगळ्यांत महत्त्वाचा शब्द. डॉक्टरचा पगार आपल्या रुग्णालयातून निघतो, हजेरीपटावर नाव आपल्याकडे असतं आणि माणूस जिल्ह्याला काम करत असतो. कागदावर रिक्त पद शून्य. आदेशाची प्रत मागितली की तारीख आणि सही हातात येते, आणि पुढे बोलायला तेच लागतं.

नावं आणि रजा यांच्या मागे लागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात आणि विनाकारण एखाद्या राबणाऱ्या डॉक्टरशी वैर येतं. आपल्याला संख्या हवी आहे.

खाजगी दवाखाने: फलक नीट वाचा

तालुक्याच्या गावात सकाळी वही घेऊन मेन रोडने चालत जा. प्रत्येक फलकावरून चार गोष्टी उतरवा: पदवी, नोंदणी क्रमांक, वार-वेळ आणि रात्री कोण असतं. नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर असायलाच हवा, तसा वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत नियम आहे. क्रमांक का? कारण एकच डॉक्टर चार फलकांवर असतो. "दर मंगळवारी ११ ते २, अस्थिरोगतज्ज्ञ" हाच माणूस बुधवारी शेजारच्या तालुक्यात असतो. क्रमांक जुळवला की दुहेरी मोजणी टळते. मग तास मांडा. मंगळवारचे तीन तास म्हणजे आठवड्याला तीन तास, अख्खा एक अस्थिरोगतज्ज्ञ नव्हे. एकाच हॉस्पिटलच्या पाटीवर सहा तज्ज्ञांची नावं असतात आणि सगळ्यांचे मिळून आठवड्याचे पंधरा तासही भरत नाहीत, असं पुष्कळदा निघतं.

पदव्या वाचताना घाई नको. एमडी, एमएस आणि डीएनबी या पदव्युत्तर. डीजीओ म्हणजे स्त्रीरोग-प्रसूतीची पदविका, डीसीएच बालरोगाची, डीए भूलशास्त्राची, डी. ऑर्थो हाडांची. आपल्या तालुक्यांचा भार वर्षानुवर्षं या पदविकावाल्यांनी उचलला आहे, त्यांना कमी लेखू नका. बीएएमएस आणि बीएचएमएस यांची यादी वेगळी करा, आणि एमएस पुढे कंसात 'आयुर्वेद' असेल तर तीही वेगळी. वेगळी करायची म्हणजे वगळायची नाही. खेड्यात ताप, जुलाब, विंचूदंश घेऊन लोक आधी यांच्याकडेच जातात आणि ती सेवा खरी आहे. पण सिझेरियनच्या हिशेबात ती धरता येत नाही.

फलकापलीकडे दोन याद्या फार उपयोगी पडतात. एक, सोनोग्राफी केंद्रांची. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक मशीनची नोंदणी असते, कोणता डॉक्टर ते चालवतो हेही त्यात असतं, आणि २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे एका डॉक्टरला जिल्ह्यात दोनच केंद्रांवर नोंद करता येते. रेडिओलॉजिस्ट तालुक्यात खरोखर किती, हे इथे कळतं. दुसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांची, जिल्हावार आणि उपचारांच्या शाखांसह. तुमच्या तालुक्यातलं एकही नाव त्यात नसेल तर योजनेचं कार्ड घरात असून माणसाला जिल्ह्याला जावं लागणार, हे लिहून ठेवा. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली असते, ती यादी सीएस किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्या कार्यालयात मिळते, महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य विभागात.

आणखी एक रकाना ठेवा: अंदाजे वय. तालुक्यातला एकमेव सर्जन साठीच्या पुढे असेल, मुलं पुण्यात स्थिरावली असतील, तर तो आज मोजला तरी दहा वर्षांनी असणार नाही. नवरा-बायको दोघं डॉक्टर, खाली दवाखाना वर घर, अशी तालुक्याची जुनी हॉस्पिटलं एकेक करून बंद होताना मी पाहिली. त्यांच्या जागी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची आठवड्याची ओपीडी येते. तपासणी इथे होते, ऑपरेशन तिकडे. फलकांची संख्या वाढते आणि तालुक्यात होणाऱ्या शस्त्रक्रिया घटतात. म्हणूनच नुसते फलक मोजणाऱ्याला सगळं छान चाललेलं दिसतं.

जोड्या लावा

हा भाग मनापासून करा. सगळ्या मोजणीचं सार इथे आहे.

एका बैलावर औत चालत नाही, तसं एका तज्ज्ञावर थिएटर चालत नाही. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञ हवा, बाळ बघायला बालरोगतज्ज्ञ हवा आणि रक्त साठवणूक केंद्र चालू हवं. शासनाच्या भाषेत ज्याला प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात, त्याच्या व्याख्येतच सिझेरियनसह तातडीची प्रसूतीसेवा, नवजात बाळाची काळजी आणि चोवीस तास रक्त या तिन्ही गोष्टी आहेत. सर्जन आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांनाही भूलतज्ज्ञाशिवाय हात लावता येत नाही. म्हणजे एक भूलतज्ज्ञ नसला की तीन शाखा एकदम बंद पडतात, आणि तरीही कागदावर एकच पद रिक्त असतं.

आमच्याकडची एक रात्र सांगतो. स्त्रीरोगाच्या मॅडम मुख्यालयी राहणाऱ्या, हाक मारली की पाच मिनिटांत येणाऱ्या. पहिलटकरीण होती, बाळाचे ठोके मंदावत होते. सिस्टरने थिएटर उघडलं, ड्रम बाहेर काढले, मी स्टोअर उघडून औषधं दिली. मॅडमनी भूलतज्ज्ञाला फोन लावला. गावात एकच होते, खाजगीत काम करणारे, आमच्याकडे प्रति केस मानधनावर येणारे. ते दुसऱ्या हॉस्पिटलात केसवर होते. शेजारच्या तालुक्यातल्यांना यायला दोन तास लागणार होते. मॅडमनी १०८ बोलावली आणि रेफर चिठ्ठीवर ठळक लिहिलं: "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही." सोबत सिस्टर पाठवली. जिल्ह्याला सिझेरियन झालं, बाळ नवजात कक्षात राहिलं आणि दोघं सुखरूप घरी आली. त्या महिन्याच्या अहवालात आमच्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद भरलेलं होतं.

ते "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही" असं स्पष्ट लिहिणं फार मोलाचं. अनेक ठिकाणी नुसतं 'पुढील उपचारासाठी' लिहितात आणि कारण हरवतं. म्हणून कामाच्या अर्जात हे मागा: "दरमहा एकूण प्रसूती, सिझेरियन, कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया, इतर मोठ्या शस्त्रक्रिया, आणि संदर्भित केलेल्या प्रसूती कारणांसह." कुटुंबकल्याण, म्हणजे नसबंदी, वेगळी का? कारण ती शिबिरात होतात, बाहेरून सर्जन येतो, एका दिवसात वीस-पंचवीस केसेस होतात. "शस्त्रक्रिया" असा एकच आकडा दिला तर शिबिरांच्या जोरावर रुग्णालय फार मोठं काम करतंय असं दिसतं. सिझेरियनचा रकाना एकटा काढून पाहा. स्त्रीरोगतज्ज्ञ वर्षभर हजर आणि सिझेरियन शून्य किंवा हातावर मोजण्याइतकी, असं आढळलं तर जोडी तुटलेली आहे.

आता माझ्या खात्यातली खूण सांगतो, ही फारशी कुणी वापरत नाही. बुपिव्हॅकेन हेवी नावाचं इंजेक्शन असतं, चार मिलीची अ‍ॅम्प्युल. पाठीच्या कण्यात देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, आणि आपल्याकडे बहुतेक सिझेरियन त्यावरच होतात. एका बाईला एक अ‍ॅम्प्युल. साठा नोंदवहीत या औषधाचं पान उघडा: कधी आलं, ओटीला किती दिलं, शिल्लक किती, मुदत कधी संपते. जिथे जोडी चालू आहे तिथे शिल्लक दर आठवड्याला घटते आणि मागणीपत्र वेळेआधी जातं. जिथे बंद आहे तिथे खोकं तसंच पडून असतं आणि शेवटी 'मुदतबाह्य' असा शेरा येतो. शेजारी ऑक्सिटोसिनचं पान बघा. ते बाळंतपणाबरोबर हलतं. ऑक्सिटोसिन भराभर संपतंय आणि बुपिव्हॅकेन जागेवर आहे, तर साधी बाळंतपणं होतात, अडलेली बाहेर जातात. डॉक्टर आहे असा अहवाल लिहिता येतो, पण औषधाची शिल्लक खोटी लिहिणं अवघड, कारण तपासणीला येणारा प्रत्यक्ष खोकी मोजतो. माहिती अधिकारात नोंदवहीची पाहणी मागता येते, शुल्क भरून पानांच्या प्रती मिळतात. आता बहुतेक ठिकाणी साठा 'ई-औषधी' या संगणक प्रणालीवरही असतो, त्याचाही उतारा मागा.

जोडी लावताना आणखी एक विचारा: भूल देण्याचं अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी जिल्ह्यात कुणी आहे का? राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली असं प्रशिक्षण दिलं गेलं, तसंच सिझेरियनचंही. पण बदल्यांमध्ये भूल शिकलेला एका टोकाला आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दुसऱ्या टोकाला असं होतं. या दोघांना एका रुग्णालयात आणायला नवीन पद लागत नाही, एक बदली आदेश पुरतो. मला विचाराल तर सगळ्या मागण्यांत ही पहिली करावी.

मानसोपचार वेगळ्या पानावर घ्या. देशात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि आहेत तेही शहरांत. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. तालुक्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी येतं का आणि त्या दिवशी औषधं पुरेशी असतात का, एवढं तपासा. या रुग्णांची औषधं खंडित झाली की सगळं पहिल्यापासून सुरू होतं, हे मी खिडकीतून पाहिलं आहे.

इतके डॉक्टर तयार होतात, मग जातात कुठे

हा प्रश्न आमसभेत हमखास निघतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ आणि पदव्युत्तरच्या ३१,१८५ जागा होत्या. २०२४ पर्यंत त्या १,१२,११२ आणि ७२,६२७ झाल्या. महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं, त्यात जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, गडचिरोली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण पदव्युत्तर जागा म्हणजे तज्ज्ञ नव्हे. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या शिकवण्याच्या शाखाही आहेत, त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. २०२३ मध्ये नीट पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, म्हणजे परीक्षा दिलेला कुणीही पात्र. दुसऱ्या टोकाला, वरच्या क्रमांकाची मुलं रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग घेतात. मी त्यांना दोष देत नाही. त्वचारोगात आणि रेडिओलॉजीत रात्रीची धावपळ कमी, नातेवाइकांच्या मारहाणीची भीती कमी, उत्पन्न बरं. प्रसूती आणि भूलशास्त्र निवडणाऱ्याला आयुष्यभर रात्री उठायचं असतं, आणि तालुक्यात त्याच्या जागी दुसरा कुणी नसल्याने सुट्टीच मिळत नाही. एकटा तज्ज्ञ टिकत नाही, दोघं असले तर टिकतात. जोडीचा मुद्दा इथेही येतोच.

पदविकांच्या जागांचं पदवीत रूपांतर करण्याचा निर्णय याच काळातला. दोन वर्षांत तयार होऊन तालुक्यात येणारा डीजीओ, डीए कमी झाला. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने नंतर रुग्णालयांतून दोन वर्षांच्या पदविका पुन्हा सुरू केल्या, भूलशास्त्र आणि स्त्रीरोग त्यात आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात त्या चालतात का ते विचारा. शिवाय एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. ते कोणत्या शाखेचे येतात, हेही.

हा वाद जुना आहे. नाशिकला जन्मलेले जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असल्याचं नोंदवलं, आणि कमी मुदतीचा परवानाधारक डॉक्टर बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर घडवावा असं बहुमताने सुचवलं. काही सदस्यांनी विरोधी टीप जोडली की यामुळे खेड्यांना डॉक्टर मिळायला फार काळ जाईल. दोन्ही बाजू तळमळीने बोलत होत्या, आणि त्या टिपेतली भीती आमच्या तालुक्यात अजून संपलेली नाही.

कागद कसा मांडायचा

सगळं एका पानात बसवा. डाव्या बाजूला शाखा, मग सरकारी मंजूर पदं, प्रत्यक्ष हजर, खाजगी, आठवड्याचे एकूण तास, रात्री मिळतो का, जोडी पूर्ण आहे का. खाली वर्षभरातली अपेक्षित सिझेरियन, तालुक्यात झालेली सरकारी, झालेली खाजगी आणि बाहेर गेलेली. शेवटी फक्त दोन मागण्या, कोणी काय करायचं यासह. "तज्ज्ञ डॉक्टर द्या" असं लिहू नका. "अमुक तारखेच्या आदेशाने प्रतिनियुक्तीवर गेलेल्या भूलतज्ज्ञाची सेवा मूळ ठिकाणी परत करावी" असं लिहा. मागण्या आधी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात घ्यायला लावा, त्याच सीएसना पोच घेऊन द्या, मग आमसभेत आमदारांपुढे. या क्रमाने गेलात तर वैद्यकीय अधीक्षक तुमच्या बाजूने बोलतात, कारण रिकामी खुर्ची त्यांनाही छळते. हा कागद त्यांना आधी दाखवा. आकडा चुकला असेल तर तेच दुरुस्त करून देतील.

बंधपत्रित डॉक्टरांची वर्षं संपतात आणि बदल्या होतात, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि दर वेळी या कागदातला वार-वेळ व रात्रीच्या सोयीचा भाग वेगळा काढून, फोन क्रमांकांसह, प्रत्येक आशाताईला द्या. नववा महिना लागलेल्या बाईला कुठे न्यायचं हे तिला आधीच ठरवता येतं, आणि कोणत्या वारी कोणता दरवाजा बंद आहे हे कळा सुरू व्हायच्या आधी माहीत असतं.